तक्रार दिली खरी, पण गुन्हा दाखल झाला का?

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत कुणाचा मोबाइल गेला की सोबतचे लगेच म्हणतात, "जाऊ दे, आता कुठला मिळतोय." पोलीस ठाण्यात जायचं, बाकावर ताटकळायचं, तीच हकिकत तिघांना सांगायची आणि शिक्का मारलेला एक कागद घेऊन घरी यायचं. हा कंटाळा खोटा नाही. त्यामागचा प्रश्नही रास्त आहे: तक्रार देऊन खरंच काही फरक पडतो का?

पडतो. मात्र कुठला फरक पडेल, हे तुमच्या हाती कुठला कागद आला यावर ठरतं. "तक्रार दिली" आणि "गुन्हा दाखल झाला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "तक्रार देऊनही काही झालं नाही" म्हणणाऱ्या अनेकांच्या बाबतीत गुन्हा मुळात दाखलच झालेला नसतो.

ठाण्यातून मिळणारे चार कागद

पहिला कागद गहाळ झाल्याच्या नोंदीचा. वस्तू हरवली एवढंच त्यात असतं. तिथे चोर नाही, म्हणून तपासही नाही. डुप्लिकेट सिमकार्ड, लायसन्स, मार्कशीट यांसाठी तो पुरतो.

दुसरा म्हणजे तक्रार अर्ज. तुम्ही कागदावर लिहून देता, आवक शिक्का बसतो, अर्ज चौकशीला जातो. पैशाच्या व्यवहारात आणि शेजाऱ्यांच्या भांडणात बहुतेक वेळा हाच मिळतो. अर्जाची चौकशी होते, पण ती गुन्ह्याचा तपास नव्हे.

तिसरा अदखलपात्र गुन्ह्याचा, ज्याला सगळे एनसी म्हणतात. शिवीगाळ, धमकी, साधी मारहाण अशा प्रकरणांत हा मिळतो. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना यात तपास करता येत नाही.

चौथा एफआयआर, म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर. त्याला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, तपास अधिकारी नेमला जातो आणि एक प्रत न्यायालयात जाते. एफआयआर एकदा झाला की पोलिसांना तो मनानं बंद करता येत नाही. शेवट आरोपपत्रानं होवो वा अंतिम अहवालानं, दोन्ही न्यायालयासमोर ठेवावंच लागतं.

गड्ड्यातला मोबाइल खिशातून कुणीतरी काढलेला असतो, पण कागदावर तो पुष्कळदा 'गहाळ' होतो. ठाण्याचा एक गुन्हा कमी होतो, तुमचा अर्धा तास वाचतो आणि चोर कागदावरून नाहीसा होतो. सही करण्याआधी मजकुरात 'गहाळ' लिहिलंय की 'चोरी', हे बघायला एक मिनिट लागतं.

पाच हजारांची रेघ

१ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भादंविच्या (भारतीय दंड विधानाच्या) जागी भारतीय न्याय संहिता आली. मोबाइलवर फिरणारे सल्ले अजून जुनीच कलमं सांगतात. एफआयआरचं जुनं १५४ आता १७३ झालं आहे आणि चोरीचं ३७९ आता ३०३(२).

एक बदल सामान्य माणसाला थेट लागतो. चोरीला गेलेला ऐवज ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, तर साधी चोरी आता अदखलपात्र धरली जाते. म्हणून किंमत अंदाजानं सांगू नका. १४ हजारांना घेतलेला फोन दोन वर्षं वापरला म्हणून "असेल चारेक हजाराचा" असं सौजन्यानं सांगितलंत, तर एफआयआरची एनसी झालीच म्हणून समजा. खरेदीचं बिल न्या, ते नसेल तर ऑनलाइन ऑर्डरचा मेसेज दाखवा आणि आजची खरी किंमत लिहायला सांगा. फुगवू मात्र नका. खोटी माहिती देणं हाही गुन्हाच आहे.

ही मर्यादा साध्या चोरीपुरती आहे. घरात शिरून केलेली चोरी वेगळ्या कलमात येते. गळ्यातलं हिसकावून नेणं हा तर न्याय संहितेत कलम ३०४ खाली स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा आहे. हिसकावताना धक्का दिला, मारलं, चाकूचा धाक दाखवला, तर प्रकरण जबरी चोरीत जातं आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत वाढू शकते. मान ओरखडली असेल, गाडीवरून पडून गुडघा फुटला असेल, तर ते फिर्यादीत यायलाच हवं आणि सरकारी दवाखान्यात तपासणीही करून घ्यायला हवी. घाबरलेली बाई मंगळसूत्र किती ग्रॅमचं होतं ते बरोबर सांगते आणि स्वतःला लागलेलं सांगायचं विसरते. नंतर त्याच गोष्टीवर कलम हलकं होतं.

वस्तू परत मिळते का?

वस्तू कुठली आणि तुम्ही किती लवकर हललात, यावर ते आहे.

ऑनलाइन फसवणुकीत सगळा खेळ तासांचा असतो. पैसे गेल्याचं कळताच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. ही माहिती पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे जाते आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम गोठवता येते. भामटे पैसा भाड्याच्या खात्यांतून पुढे पुढे सरकवतात. दुसऱ्या-तिसऱ्या खात्यानंतर तो एटीएममधून निघतो आणि मग गोठवायला काही उरत नाही. "उद्या सकाळी बँकेत जाऊन विचारतो" म्हणणाऱ्याचे पैसे बहुधा रात्रीतच जातात. स्वतःच्या बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली, तर तोटा ग्राहकावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचा तोटा तुमचा, त्यानंतरचा बँकेचा. दोन्ही बाबतींत खबर कधी दिली ती वेळच मोजली जाते.

मोबाइलचं गणित दूरसंचार विभागाच्या सीईआयआर या, हरवलेले फोन ब्लॉक करणाऱ्या यंत्रणेनं बरंच बदललं आहे. ती मे २०२३ पासून देशभर सुरू आहे. आधी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या, मग पोलिसांकडची नोंद घ्या. त्यानंतर संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), पोलीस नोंदीची प्रत आणि ओळखपत्र देऊन फोन ब्लॉक करा. त्यात कुणी दुसरं सिम घातलं की त्याची माहिती यंत्रणेला मिळते आणि पोलिसांपर्यंत जाते. लोक अडतात ते आयएमईआयपाशी. तो खोक्यावर आणि बिलावर असतो, पण खोकं कधीच रद्दीत गेलेलं असतं. फोन हातात असतानाच *#०६# दाबा आणि आलेला नंबर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये ठेवा. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात, दोन्ही लिहा.

दुचाकी सापडो न सापडो, एफआयआरशिवाय विम्याचा दावा पुढे सरकत नाही. कंपनी साधारणपणे एफआयआर, गाडीच्या दोन्ही चाव्या, आरसी आणि तपास थांबल्याचा अंतिम अहवाल मागते. विमा कंपनीला लगेच कळवा. पोलिसांना त्याच दिवशी सांगून कंपनीला महिन्यानं सांगितलं की दावा तिथेच वादात अडकतो. शिवाय तुमच्या गाडीनं कुणी अपघात केला किंवा दुसरी चोरी केली, तर ती तेव्हा तुमच्या ताब्यात नव्हती याचा तारखेसह पुरावा एफआयआरच असतो.

सोनं सगळ्यात अवघड. वितळवलं की ओळख पुसली जाते. सराफाची पावती आणि दागिना घातलेला लग्नातला फोटो असेल, तर सापडलेल्या मुद्देमालातून तो आपला आहे हे सांगता तरी येतं. ज्यांची फिर्याद नाही त्यांना मुद्देमालावर हक्क सांगणं फार अवघड जातं. पोलिसांनी पकडलेल्या चोरानं दहा घरं फोडल्याचं कबूल केलं आणि फिर्यादी सहाच घरांच्या असल्या, तर उरलेल्या चार घरांचा ऐवज कुणाचा म्हणून द्यायचा?

कागदाचा दुसरा उपयोग

वस्तू परत मिळाली नाही तरी नोंद कामाला येते, फक्त तिचं काम तुम्हाला दिसत नाही. पेठेत डेंगीचे वीस रुग्ण घरीच काढे पीत बसले तर महापालिकेच्या लेखी त्या पेठेत डेंगी नसतो आणि धुरळणीची गाडी दुसरीकडे जाते. गस्तीचंही तसंच आहे. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वाराला, किती वाजता, कशी चोरी झाली हे गुन्ह्याच्या नोंदींतूनच कळतं. रात्रीची गस्त, नाकाबंदी, साध्या वेशातले पोलीस कुठे नेमायचे हे त्यावर ठरतं. घरफोडीबद्दल गुन्हेशास्त्रात वारंवार आढळलेली एक गोष्ट अशी की एक घर फुटलं की पुढचे काही आठवडे तेच घर आणि आजूबाजूची घरं यांना धोका जास्त असतो. चोरानं गल्ली बघितलेली असते. पहिल्या घरानं तक्रार दिली नाही, तर शेजारच्यांना त्या काळात कुलूप लावून गावाला जाऊ नये हे कळणार कसं?

यापेक्षा मोठा उपयोग सराईतांच्या बाबतीत आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. एखाद्याला तडीपार करायचं, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली हद्दीबाहेर घालवायचं, तर त्याची आधीची कृत्यं कागदावर दाखवावी लागतात. शहरात असा आदेश पोलीस उपायुक्त काढतात, ग्रामीण भागात प्रांताधिकारी. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. टोळीला मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) लावायचा तर मागच्या १० वर्षांत तिच्याविरुद्ध एकाहून जास्त आरोपपत्रं न्यायालयानं दाखल करून घेतलेली असावी लागतात. चांगल्या वर्तणुकीचा बाँड घ्यायलाही आधीच्या नोंदी लागतात, आणि तिथे तुमची कपाटात पडलेली एनसीसुद्धा मोजली जाते. "त्याला सगळा एरिया ओळखतो" हे न्यायालयात चालत नाही. एरियानं फिर्याद दिली होती का, हे तिथे विचारतात. दहा जणांनी "कशाला नादी लागायचं" म्हटलं की अकराव्याच्या फिर्यादीवर तो पहिलाच गुन्हा असलेला निरुपद्रवी तरुण ठरून जामिनावर बाहेर येतो.

"पण पोलीस घेतच नाहीत त्याचं काय?"

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. ठाण्याच्या पातळीवर गुन्हा टाळण्याची ओढ असते, कारण प्रलंबित गुन्ह्यांचा हिशेब वरिष्ठ मागतात. त्यावर कायद्यानं वाट काढून दिलेली आहे, तिचे टप्पे मात्र क्रमानंच घ्यावे लागतात.

ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं की माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नव्या संहितेनं त्यात एक फट ठेवली आहे. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून "चौकशी करून बघतो" म्हटलं तर परवानगी घेतली आहे का आणि १४ दिवस कुठल्या तारखेला संपतात, हे नम्रपणे विचारा.

"आमची हद्द नाही" हे कारण आता चालत नाही. सोलापूर शहर आयुक्तालयाची ठाणी वेगळी, ग्रामीणची वेगळी आणि रेल्वेत घडलं तर लोहमार्ग पोलीस वेगळे, असा गुंता इथे आहेच. तुळजापूरहून येताना एसटीत पर्स मारली तर ती धाराशिव जिल्ह्यात गेली की सोलापूर जिल्ह्यात, हे प्रवाशाला कसं कळणार? कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. ती शून्य क्रमांकानं नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. ऑनलाइनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ती सही राहिली की खबर नोंदीवर घेतली जात नाही.

तरीही नकार मिळाला तर तीच हकिकत लिहून टपालानं पाठवायची: शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांकडे. रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेवा. त्यानंतरही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. वरिष्ठांकडे न जाता थेट न्यायालयात गेलात तर अर्ज तिथेच अडतो. बलात्कार, ॲसिड हल्ला यांसारख्या ठरावीक गुन्ह्यांत खबर न नोंदवणाऱ्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे.

फिर्याद लिहून घेताना

तोंडी सांगितलेली हकिकत पोलिसांनी लिहून ती तुम्हाला वाचून दाखवायची असते आणि एफआयआरची प्रत मोफत द्यायची असते. सोलापुरात याला वेगळं महत्त्व आहे. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराची घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याची कानडी आणि फिर्याद मराठीत, त्यातही "सदर इसमाने नमूद ठिकाणी" अशा मराठीत. सही करण्याआधी सावकाश वाचून घ्या. समजलं नाही तर सोबत आलेल्या माणसाकडून आपल्या भाषेत ऐका.

मजकुरात तारीख, वेळ, नेमकी जागा, काय गेलं, त्याची किंमत आणि ओळखखुणा याव्यात. उशीर झाला असेल तर त्याचं कारणही लिहायला सांगा. उशिरानं फिर्याद मरत नाही, पण कारण न दिलेला उशीर बचाव पक्षाच्या वकिलाला आयता मिळतो. संशय आहे म्हणून कुणाचंही नाव ठोकून देऊ नका. "पाहिलं" आणि "वाटतं" हे वेगवेगळं लिहायला सांगा. सीसीटीव्हीची गोष्ट पहिल्याच दिवशी काढा. दुकानांच्या डीव्हीआरमध्ये जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. दुकानदाराला ते राखून ठेवायला सांगा आणि कॅमेरा कुठे आहे ते पोलिसांना लेखी द्या. घर फुटलं असेल तर पोलीस येईपर्यंत कपाट आवरू नका. पाहुण्यांना चहा द्यायच्या गडबडीत निम्मे ठसे पुसले जातात.

"कोर्टाचे हेलपाटे कोण मारणार?"

आरोपी सापडला नाही तर हेलपाटे नाहीतच. सापडला तर मुद्देमाल ओळखायला आणि साक्षीला जावं लागतं, तारखा पडतात, दिवसाची मजुरी बुडते. हे नाकारण्यात अर्थ नाही. थोडा दिलासा असा की महिला, ६० वर्षांवरचे, १५ वर्षांखालची मुलं आणि आजारी किंवा दिव्यांग व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. जप्त झालेली गाडी किंवा दागिना खटला संपेपर्यंत सडत ठेवायची गरज नाही. न्यायालयात अर्ज करून, बाँड देऊन तो ताब्यात घेता येतो.

"आकडे वाढले की शहर बदनाम होतं"

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल आला की कुठलं शहर किती असुरक्षित याच्या बातम्या येतात. तो अहवाल घडलेले गुन्हे मोजत नाही, नोंदवलेले मोजतो. एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी त्यातला सर्वात गंभीर तेवढाच धरतो. ज्या शहरात नोंद सोपी, तिथले आकडे मोठे दिसतात. म्हणून चोरीचे गुन्हे वाढले की आधी विचारायचं: चोऱ्या वाढल्या की फिर्यादी? पोलीस अधिकाऱ्याला आकडा वाढला म्हणून झापणं म्हणजे पुढच्या वर्षी जास्त मोबाइल 'गहाळ' व्हायची सोय करणं.

जिथे ठाण्याचा उपयोग थोडा

हातउसने दिलेले पैसे बुडाले, भावानं बांध कोरला, भाडेकरू जागा सोडत नाही, ही सहसा दिवाणी भांडणं. पोलीस वसुली करून देत नाहीत. कुणी करून देतो म्हणाला, तर तो तुमच्याकडून काय मागणार याचा विचार करा. जादा व्याजाच्या आमिषानं अनेकांच्या ठेवी बुडवल्या असतील तर मात्र गोष्ट वेगळी. ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली मालमत्ता जप्त करून विकता येते आणि पैसे ठेवीदारांत वाटता येतात. तिथे "एकानं फिर्याद दिली आहे ना, बास झालं" असं करू नका. आर्थिक गुन्हे शाखेत आपला जबाब आणि ठेवीच्या पावत्या स्वतः द्या. यादीत नाव नसलं तर वाटपाच्या वेळी आठवण करून द्यायला कुणी येत नाही.

तीन महिन्यांनी

एफआयआर झाल्यावर ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवण्याचं बंधन आता पोलिसांवर आहे. मोबाइलवर कळवलं तरी चालतं. कुणी कळवलं नाही तर गुन्हा रजिस्टर नंबर घालून एक ओळीचा अर्ज द्या. चोर सापडलाच नाही तर महाराष्ट्रात 'अ' समरी (तपास बंद करण्याचा अंतिम अहवाल) होते, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही. विम्याला लागतो तो हाच कागद. 'ब' समरी म्हणजे फिर्याद खोडसाळ ठरवली आणि 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. 'ब' किंवा 'क' साठी अहवाल गेला तर न्यायालयाची नोटीस तुम्हाला यायला हवी आणि त्याविरुद्ध म्हणणं मांडता येतं. घर बदललं असेल तर नवा पत्ता तपास अधिकाऱ्याला कळवा, नाहीतर नोटीस जुन्या दारावरून परत जाते आणि समरी तुमच्या मागे मंजूर होते.